डिजिटल गेम स्टोअर्स काही महिने वापरून: विकायला एक नंबर, सांभाळायला रामभरोसे

हा कुठल्या एका स्टोअरचा रिव्ह्यू नाहीये हे आधीच सांगते. पीसीवर तीन-चार स्टोअर आणि जोडीला एक कन्सोल असं सगळं गेले काही महिने एकत्रच वापरतेय, ठरवून वगैरे नाही, गेम जिथे मिळाला तिथे घेत गेले आणि लायब्ररी सगळीकडे विखुरली, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं हेच झालं असणार. माझं मत असं झालंय की गेम विकण्यात ही मंडळी भलतीच तरबेज झालीत, पैसे भरेपर्यंत कुठे म्हणून अडायला होत नाही, पण एकदा पैसे गेले की तो गेम तुमच्याकडे नीट चालतोय का, पाच वर्षांनी परत मिळेल का, याच्याशी बहुतेकांना काही देणंघेणं नाही.

चांगलं आधी. रिफंड. पीसीवरचं सगळ्यात मोठं स्टोअर स्टीम २००३ ला आलं आणि सरळ साधा रिफंड मिळायला २०१५ चा जून उजाडला, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं एकदा घेतला की घेतला. त्यातही ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ लाच स्टीमच्या मालक कंपनीला, व्हॉल्व्हला, कोर्टात खेचलं होतं, रिफंड मिळणार नाही असं ग्राहकांना सांगणं तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून, आणि २०१६ ला कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. आता घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत. एपिक नावाच्या दुसऱ्या स्टोअरचंही साधारण तेच. मी वापरलंय, यादीतून कारण निवडायचं, एक ओळ लिहायची, उलट प्रश्न नाही काही नाही, पैसे जमा.

पण ते दोन तास जरा विचित्र आहेत. छोटा इंडी (एकट्याने किंवा छोट्या टीमने बनवलेला) गेम दीड तासात संपतो, लोक तो पूर्ण संपवून रिफंड टाकतात आणि बनवणारा बिचारा बघत बसतो. उलट मोठ्या गेममध्ये पहिला पाऊण तास शेडर कंपाइल होण्यात (म्हणजे गेम ग्राफिक्सची तयारी करत बसतो त्यात), ग्राफिक्सच्या सेटिंगशी झटापट करण्यात आणि कॅरेक्टरचं नाक नीट करण्यात जातो, त्यात गेमचा स्वतःचा लाँचर (गेम सुरू करून देणारं वेगळं सॉफ्टवेअर) मागे उघडा राहिला तर घड्याळ तेही मोजतं. खरा गेम कळायच्या आत मुदत संपलेली. गॉग या स्टोअरने २०२० पासून ३० दिवसांची मुदत ठेवलीय, गेम खेळला असला तरी, फक्त गैरफायदा घेऊ नका म्हणतात. आणि प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत खरे पण डाउनलोड सुरू केलं की सहसा विषय संपला, मग गेम आवडला नाही हे मला न उतरवता कसं कळायचं ते त्यांनीच सांगावं.

आता लाँचर. एका बड्या कंपनीचा गेम मी तिच्या स्वतःच्या स्टोअरवर न घेता दुसरीकडे घेतला, नाव घेत नाही. रात्री जेवून निवांत बसले, प्ले दाबलं. पहिल्या लाँचरने आधी स्वतःचं अपडेट केलं. मग गेम सुरू होण्याऐवजी दुसरा लाँचर उघडला, त्यालाही अपडेट हवं होतं. तो रीस्टार्ट झाला आणि लॉगिन मागायला लागला, आदल्या आठवड्यात 'मला लक्षात ठेवा' वर टिक केलेली असून. पासवर्ड टाकला तर मेलवर कोड पाठवलाय म्हणे, मेल स्पॅममध्ये, तो शोधून कोड टाकेपर्यंत कोडची मुदत संपली, परत पाठवा दाबलं तर थोड्या वेळाने प्रयत्न करा. शेवटी एकदाचा आत गेले तर क्लाउड सेव्ह (कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली खेळाची प्रगती) आणि लोकल सेव्ह (माझ्या पीसीवरची) यांत फरक आहे, कुठला ठेवू असा प्रश्न, आणि दोन्हीवर तारीख एकच! आणि हा एकट्याने खेळायचा गेम आहे हो, ऑनलाइन काहीच नाही त्यात. सपोर्टला लिहिलं तर एका बाजूने उत्तर आलं की दुसऱ्यांना विचारा, दुसऱ्यांनी सांगितलं जिथून घेतला तिथे विचारा.

हे फक्त वैताग देणारं असतं तरी चाललं असतं, पण कधीकधी गेमच हातचा जातो. सोनीच्या हेलडायव्हर्स २ या गेमचं आठवतंय ना, मे २०२४ मध्ये सोनीने पीसीवाल्यांना प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडणं सक्तीचं करतो म्हणून जाहीर केलं, आता ज्या देशांत ते अकाउंट अधिकृतपणे काढताच येत नाही तिथेही गेम विकून झालेला. लोकांनी स्टीमवर निगेटिव्ह रिव्ह्यूंचा असा पाऊस पाडला की काही दिवसांत निर्णय मागे घेतला, पण तोवर १७० च्या वर देश-प्रदेशांत गेम विक्रीतून काढला गेलेला होता.

शोधायची तर वेगळीच मजा. स्टीमवर २०१७ पासून १०० डॉलर भरून कुणीही गेम टाकू शकतं, दरवाजा उघडा आहे हे चांगलंच, त्याशिवाय माझे निम्मे आवडते गेम आलेच नसते. पण २०२४ या एका वर्षात १८ हजारांच्या वर गेम आले, त्यात काय काय असेल विचार करा. एखादा गेम गाजला की त्याच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे करून नकला येतात. टॅगवर भरवसा ठेवून 'पझल' शोधलं की निम्मे निकाल असे की त्यात कोडं कुठाय हेच कोडं. जानेवारी २०२४ पासून एआय वापरलं असेल तर गेमच्या पानावर सांगावं लागतं, ते मी आता आवर्जून बघते, पण त्यावरून फिल्टर लावायची सोय स्टोअरने दिलेली नाही. रिव्ह्यूंमध्ये विनोद करणाऱ्यांची गर्दी मात्र कमी झालीय, उपयोगी रिव्ह्यू वर येतात हल्ली, हे मान्य करायला हवं. कन्सोलच्या स्टोअरवर शोधणं म्हणजे तर कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत बसा, त्यापेक्षा मी फोनवर शोधून घेते.

सेलबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय. एकच, ७५ टक्के सूट दिसली म्हणून भुलू नका, किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या साइट्स आहेत त्या उघडा. युरोपात २०२२ पासून सूट जाहीर करताना गेल्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत आधार धरावी लागते, ही सोय सगळीकडेच हवी. आणि डिलक्स, अल्टिमेट, कम्प्लीट, डेफिनिटिव्ह यातलं कुठलं मोठं हे एखाद्या वकिलाला विचारूनच घ्यावं, कम्प्लीट घेतलेल्या एका गेमला नंतर दोन डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) आले आणि ते त्यात नाहीत.

आता मुख्य दुखणं. आपण गेम विकत घेतच नाही, लायसन्स घेतो, हे करारात पहिल्यापासून होतं पण वाचतो कोण. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की कायमचं डाउनलोड देणार नसाल तर नुसतं 'विकत घ्या' असं लिहून चालणार नाही, हे लायसन्स आहे ते स्पष्ट सांगा. त्याच्या आधीच ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या चेकआउटवर तशी ओळ दिसायला लागली. प्रामाणिकपणा आला, बरं झालं, पण त्या ओळीने माझ्या लायब्ररीत फरक काय पडला? शून्य.

द क्रू चं उदाहरण घ्या. युबिसॉफ्टचा २०१४ चा रेसिंग गेम, एकट्याने गाडी चालवायची तरी सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद आणि गेमचं विसर्जन, ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचंही. नंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतलं. त्यावरून यूट्यूबर रॉस स्कॉटने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या नागरिक याचिकेवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी काय तर सर्व्हर आयुष्यभर चालवा अशी नाही, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा एवढीच. आणि ते जमतं बरं का, त्याच कंपनीने द क्रू २ ला नंतर ऑफलाइन मोड दिला. म्हणजे आरडाओरडा केल्यावर जमतं.

स्टोअरच बंद होणं हा अजून वेगळा प्रकार. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलच्या स्टोअरवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबवली, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी घेतलेले गेम परत उतरवता येतात, पण किती वर्षं ते त्यांच्या मर्जीवर. सोनीने २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटा या जुन्या कन्सोलचं स्टोअर बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि बोंबाबोंब झाल्यावर महिन्याभरात माघार घेतली. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली होती, त्यात अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. तरी त्यातले बहुतेक डिस्क-कार्ट्रिजच्या काळातले, कुणाच्या तरी माळ्यावर एखादी प्रत सापडेल तरी. फक्त डिजिटल आलेल्या गेमचं काय?

आणि सर्व्हर, स्टोअर दोन्ही ठणठणीत असूनही गेम अडकतो. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट थांबवला. सुरक्षेचं कारण बरोबर आहे, तक्रार त्याबद्दल नाही, पण जो गेम विंडोज ७ वर सुरेख चालतो आणि नव्यावर धडपडतो त्याच्यासाठी जुना पीसी जपून ठेवला तरी मधला क्लायंट (पीसीवरचं स्टीमचं सॉफ्टवेअर) तिथे कधी राम म्हणेल सांगता येत नाही.

म्हणून या काही महिन्यांत माझी खरेदी हळूहळू गॉगकडे सरकलीय. २००८ ला जुन्या गेमसाठी सुरू झालेलं स्टोअर, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, क्लायंट वापरा नाहीतर नका वापरू. ऑफलाइन इन्स्टॉलर थेट ब्राउझरमधून उतरतो. मोठा गेम असेल तर एक छोटी सेटअप फाइल आणि सोबत ४ जीबीपर्यंतचे तुकडे, सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे, एक जरी राहिला तरी इन्स्टॉल मध्येच अडतो. हे कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. नवीन पॅच (दुरुस्तीचं अपडेट) आला की आपला इन्स्टॉलर जुना झाला, परत उतरवा. डीएलसीचे इन्स्टॉलर वेगळे. क्लाउड सेव्हला गेममागे २०० एमबीची मर्यादा आहे, मोठ्या आरपीजीला (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या लांबलचक गेमला) ती पुरत नाही. काही गेमना स्टीमपेक्षा पॅच उशिरा मिळतो आणि नवे मोठे गेम तर कितीतरी येतच नाहीत. पण एक्स्टर्नल हार्डडिस्कवर तो फोल्डर पडलाय, इंटरनेट काढून दुसऱ्या मशीनवर टाकून बघितला, चालला, कुणाची परवानगी लागली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी जुने गेम नव्या विंडोजवर चालते ठेवायचा वेगळा कार्यक्रम सुरू केलाय, सुरुवात १०० गेमपासून.

एपिकबद्दल दोन शब्द. २०१८ च्या डिसेंबरला आलं, बनवणाऱ्यांकडून विक्रीतले १२ टक्केच घेणार म्हणून गाजावाजा, स्टीम ३० घेतं आणि विक्री वाढली तर २५, मग २०. डेव्हलपरसाठी उत्तमच, पण मला ग्राहक म्हणून गेम स्वस्त मिळाला असं काही झालं नाही. साधी शॉपिंग कार्ट यायला डिसेंबर २०२१ लागलं, तीन वर्षं एकेक गेम वेगवेगळा घ्या! एपिक वाटतं ते फुकटचे गेम मी इमानदारीत गोळा करते, खेळलेले त्यातले अगदी मोजके.

स्टीमची फॅमिली सोय, सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना खुली झालेली, मात्र खरंच चांगली आहे. सहा जण, आणि एकाच्या लायब्ररीतले वेगवेगळे गेम एकाच वेळी दोघांना खेळता येतात, आधी एकाने सुरू केला की दुसऱ्याला बाहेर. फक्त कुणाला आत घेताय ते बघून घ्या, तुमच्या प्रतीवर त्याने चीटिंग केलं तर बॅन तुम्हालाही बसू शकतो, आणि कुणी बाहेर पडलं की ती जागा लगेच भरता येत नाही, त्याला वर्षाची अट आहे.

जाता जाता एक करून बघा. क्लायंट पूर्ण बंद करा, नेट काढा आणि गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याच्या मूळ फाइलवर डबल क्लिक करा. स्टीमवरचेही बरेच गेम असे सरळ चालतात, डीआरएम लावायचं की नाही हे बनवणाराच ठरवतो, स्टीम सक्ती करत नाही. माझ्याकडे छोट्या इंडी गेमपैकी पुष्कळ चालले, ते सगळे कॉपी करून ठेवलेत. मोठ्या कंपन्यांच्या गेमनी एररसुद्धा दाखवली नाही, नुसता लाँचर वर आला आणि म्हणाला, लॉगिन करा.