टेबलजेनमध्ये कंपायलरचे ऑप्शन मांडताना: काही महिन्यांनंतर

एकही एरर नाही, बिल्ड पूर्ण, आणि प्रोग्रॅमचा पत्ता नाही. फोल्डरमध्ये होती ती ‘प्टिमाइझ’ नावाची फाइल. आमचा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) वापरणाऱ्याने दोनऐवजी एकच डॅश देऊन ‘-ऑप्टिमाइझ’ लिहिलं होतं. तयार फाइलचं नाव सांगणारा डॅश-ओ ‘जॉइन्ड-ऑर-सेपरेट’ प्रकारचा, म्हणजे नाव चिकटून आलं तरी चालतं, जागा सोडून आलं तरी. त्याने पहिलं अक्षर गिळलं आणि उरलेलं फाइलचं नाव मानलं. शेवटचा ऑप्शन जिंकतो, त्यामुळे आधी दिलेलं खरं नाव गेलं.

बाकी एलएलव्हीएम या कंपायलर बांधायच्या संचातली ही ऑप्शन वाचणारी लायब्ररी मला आवडते. आधी आम्ही एलएलव्हीएमचाच दुसरा मार्ग, सीएल-ऑप्ट, वापरत होतो: लिहायला सोपं, पण एलएलव्हीएमच्या पोटातले झाडून सगळे ऑप्शन आपल्या हेल्पमध्ये येऊन बसतात. शिवाय लायब्ररी दोनदा लिंक झाली की तोच ऑप्शन पुन्हा नोंदवल्याची तक्रार करून प्रोग्रॅम मेन, म्हणजे त्याचं सुरुवातीचं फंक्शन, गाठण्याआधीच मरतो. इथे एका टीडी फाइलीत सगळं; त्या यादीवरून कोड टेबलजेन तयार करतं. हेल्पचा मजकूरही तिथूनच. एफ (चालू) आणि एफ-नो (बंद) अशा जोड्यांपैकी शेवटची कोणती, हे एका फंक्शनला विचारायचं. टेबलजेनचे एररसंदेश वाचणं ही शिक्षा आहे, ते सोडा.

चुकलेल्या ऑप्शनला जवळचं नाव सुचवायची सोयही आहे. मग ती कुठे गेली होती? तिच्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही! ओ-ने सुरू होणारं, वेगळं न नोंदवलेलं काहीही आलं तरी डॅश-ओ ते आपलंच म्हणतो.

लायब्ररीवर भरपूर चिडलो, मग जीसीसी या दुसऱ्या कंपायलरची ऑप्ट फाइल, म्हणजे त्याची ऑप्शनची यादी, उघडली. तिथेही डॅश-ओला दोन्ही मुभा. जुनीच सवय आहे ही. डॅश-एलला लायब्ररीचं नाव चिकटवून आपण सगळेच लिहितो. राग निम्मा उतरला.

लांब नाव आधी जुळवलं जातं, म्हणून एका डॅशचा ‘ऑप्टिमाइझ’ वेगळा नोंदवता आला असता. पण उद्या कोणी ‘-ऑप्टिमाईज’ लिहिणार. प्रत्येक टायपोसाठी टीडीत ओळ खर्च करायला मी तयार नाही. डॅश-ओ सरळ ‘सेपरेट’ केला.

तोही आंधळाच. डॅश-ओपुढे नाव विसरून डॅश-जी हा दुसराच ऑप्शन दिला, तर फाइलचं नाव ‘-जी’, आणि ती पुसताना आरएम या कमांडला तो स्वतःचाच ऑप्शन वाटतो. नावाआधी डॉट-स्लॅश लावलं की पुसली जाते. नाव डॅशने सुरू झालं तर थांबवणारी तपासणी शेवटी हाताने लिहिली. नाव चिकटवून लिहिणाऱ्यांच्या मेकफाइल्स (बिल्डच्या कमांड लिहिलेल्या फाइली) आता मोडतात. त्यांनी एक स्पेस टाकावी.