मोठ्या संग्रहालयांची मोफत चित्रं वर्गात वापरताना: शैक्षणिक वर्षभराचा अनुभव

साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. गेल्या जूनपासून आठवी-नववीच्या तासांना मी परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरची मोठ्या आकारातली चित्रं दाखवते आहे. मुख्यतः तीन ठिकाणं वापरली: ॲमस्टरडॅमचं राईक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि येल विद्यापीठाचं ब्रिटिश कलेचं केंद्र. यांपैकी कशालाच पैसे पडत नाहीत. मेट्रोपॉलिटनने तर २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक छायाचित्रं कुणालाही, कशाहीसाठी वापरायला खुली केली. मोबाइलवरही चालतं, मी शाळेच्या मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडते.

हे करावंसं का वाटलं, ते आधी सांगते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत मुलांचा हात चांगला बसतो, नजर मात्र मागे राहते. नामवंत चित्रं पुस्तकात तळहाताएवढी छापलेली असतात. मग शिक्षक काय करणार, तर गोष्ट सांगणार: व्हॅन गॉगचा कान, मोनालिसाची चोरी, रेम्ब्राँची गरिबी. मुलांना गोष्टी आवडतातच, पण एकदा गोष्ट डोक्यात बसली की चित्राकडे कुणी फिरून बघत नाही. या फायलींनी मला दिलं ते हे, की गोष्ट थेट चित्रावर ताडून बघता येते. कित्येकदा गोष्ट तिथे टिकत नाही, आणि चित्रातून तिच्याहून सरस दुसरी निघते.

सुरुवात करायची असेल तर डच चित्रकार रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’पासून करा. १६४२ चं हे चित्र राईक्सम्युझियमने इतक्या बारकाईने टिपलंय की मन थक्क होतं. ८,४३९ छायाचित्रं जोडून केलेली ही प्रतिमा ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे अब्जावधी ठिपक्यांची आहे. तिच्यातल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं. २०२२ च्या जानेवारीत ती सर्वांसाठी खुली झाली. फक्त पडदा मोठा करत जायचं. आधी माणसं दिसतात, मग चेहरे, मग रंगाचे थर, आणि शेवटी त्या थरांना गेलेले तडे.

पहिल्या तासाला मी मुलांना चित्राचं नाव सांगितलंच नाही. कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताशी गेलो. त्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या फिकट पिवळ्या कोटावर पडली आहे, बोटं वेगवेगळी दिसावीत इतकी स्पष्ट. एका मुलाला खिडकीजवळ उभं केलं, दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर त्याच्या हाताची सावली पाडून बघितली. हात वर-खाली करून, कोन बदलून मुलांनीच ठरवलं की उजेड डावीकडून, वरून येतोय, आणि तो दिवसाचा आहे. मग नाव सांगितलं. हे नाव रेम्ब्राँने दिलेलं नाही. चित्र काढल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, व्हार्निश आणि मळ चढून ते काळवंडल्यावर लोकांनी चिकटवलं. ही रात्र नाहीच. शहराच्या रक्षकदलाची तुकडी दिवसाउजेडी बाहेर पडते आहे.

मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, “मॅडम, हिच्या कमरेला कोंबडी उलटी टांगलीय!” सोनेरी पोशाखातल्या त्या लहान मुलीला मोठं करून बघा. कोंबडीचे पाय वर आहेत आणि नख्यांवर मुद्दाम उजेड घेतलाय. पक्ष्याच्या नख्या हे या रक्षकांच्या बंदूकधारी संघाचं चिन्ह होतं. म्हणजे बाकी सगळे रक्षक आहेत, आणि संघाची खूण या चिमुरडीच्या कमरेला. पुस्तकातल्या चित्रात तिथे पिवळा डाग दिसतो फक्त.

याच चित्राची दुसरी गाजलेली गोष्ट अशी: गिऱ्हाइकांना ते पसंत पडलं नाही, कामं थांबली आणि रेम्ब्राँ रस्त्यावर आला. जुन्या कागदपत्रांत याला आधार नाही. रक्षकांनी माणशी साधारण शंभर गिल्डर (डच नाणं) मोजले आणि चित्र त्यांच्या दिवाणखान्यात सन्मानाने लागलं. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवताना भिंतीत बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं. डावीकडची सर्वांत रुंद पट्टी गेली आणि तिच्यासोबत दोन माणसं. लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याआधीच एक छोटी नक्कल करून ठेवली होती म्हणून काय गेलं ते कळतं. तिच्याच आधाराने २०२१ मध्ये संगणकाकडून त्या पट्ट्या पुन्हा तयार करून घेतल्या आणि काही काळ मूळ चित्राभोवती लावल्या. कापलेलं आणि अखंड अशी दोन्ही रूपं शेजारी ठेवून मुलांना दाखवाच. अखंड रूपात कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्यभागापासून थोडे उजवीकडे येतात आणि सगळी तुकडी पुढे सरकायला लागते. रचना म्हणजे काय, हे मला फळ्यावर इतकं नीट कधीच सांगता आलं नसतं.

रेम्ब्राँचं दिवाळं निघालं ते १६५६ मध्ये, कर्जावर घेतलेल्या घरामुळे आणि हात सैल सोडून केलेल्या खरेदीमुळे. साताऱ्याच्या मुलांना हे साल वेगळं पाठ करावं लागत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. दिवाळं निघाल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात ३६३ नोंदी आहेत आणि त्यांत लघुचित्रांच्या एका संग्रहाचाही उल्लेख आहे. याच सुमारास रेम्ब्राँने मुघल लघुचित्रं पाहून केलेली रेखाटनं आजही उपलब्ध आहेत, तेवीस. शहाजहान, दारा शुकोह, झाडाखाली बसलेले चार मौलवी. महागड्या जपानी कागदावर, बारीक रेषेत. युरोपातला एवढा मोठा चित्रकार भारतीय चित्रं समोर ठेवून शिकत होता, हे बघताना वर्गात जी उत्सुकता होती ती मी जपून ठेवली आहे. यातलं शहाजहानचं एक रेखाटन राईक्सम्युझियममध्येच आहे, तेव्हा शोधायला फार फिरावं लागत नाही.

तिथेच आणखी एक ठेवा आहे, विट्सेन संग्रह. गोवळकोंड्याच्या शैलीतली दख्खनी व्यक्तिचित्रं, साधारण १६८६ च्या आसपासची, आणि त्यांत शिवाजी महाराजांचंही चित्र. मुलांचा पहिलाच प्रश्न, “हे तिथे कसं गेलं?” डच कंपनीचा व्यापार मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावर होता. गोवळकोंड्याचे चित्रकार राजे-सरदारांच्या चित्रांचे संच तयार करत आणि युरोपी लोक ते विकत घेत. हा संच ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे पोचला. महाराजांच्या निधनानंतर जेमतेम काही वर्षांतलं चित्र आपण साताऱ्यात बसून इतक्या जवळून बघतो आहोत, याचं मला अजून अप्रूप आहे. चित्रकाराने महाराजांना पाहिलं होतं का, असाही प्रश्न आला. अशा संचांतले चेहरे एका नमुन्यावरून पुन्हा पुन्हा उतरवले जात, एवढं सांगून मी पुढचा विचार मुलांवर सोडला.

येलच्या संग्रहात गंगाराम तांबटांची चित्रं बघायला विसरू नका. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, मॅलेट याच्यासाठी त्यांनी कामं केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी १७९० मध्ये काढला. पुढे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना समोर बसवून रंगवलं, आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला पहिल्या फळीतला मराठी चित्रकार, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही, हे मला फार लागतं.

डच चित्रकार व्हर्मीरवर दोन तास दिले, ते कमीच पडले. ड्रेस्डेनमधलं खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी हे चित्र १७४२ मध्ये सॅक्सनीच्या शासकाच्या संग्रहात आलं ते रेम्ब्राँचं म्हणून. तिच्यामागची भिंत रिकामी होती. १९७९ मध्ये क्ष-किरणांत त्या भिंतीवर कामदेवाचं चित्र दिसलं, पण व्हर्मीरनेच ते झाकलं असणार असं सगळे धरून चालले. मग कळलं की मूळ रंग आणि वरचा रंग यांच्यामध्ये व्हार्निश आणि मळाचा थर आहे. म्हणजे झाकणारा हात व्हर्मीरच्या मृत्यूनंतरचा. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने तो थर कणाकणाने खरवडला आणि २०२१ मध्ये कामदेवासह चित्र लोकांसमोर आलं. रिकाम्या भिंतीच्या शांततेवर कितीतरी लिहून झालं होतं. ती शांतता कुणा भलत्याच्याच हातची निघाली. मोत्याचा डूल घातलेली मुलगी १८८१ च्या लिलावात दोन गिल्डर आणि वर किरकोळ दलालीला गेली. तो मोती जवळून बघा: वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचा अंधूक उजेड, बस. मोती अडकवलेली कडीसुद्धा रंगवलेली नाही.

आता अडचणी.

पहिली रंगांची. शाळेचा टीव्ही आला तेव्हापासून भडक रंगांवर लावलेला होता. व्हर्मीरची निळाई त्यावर बघवत नव्हती. चित्र लावण्यापूर्वी रंग आणि कॉन्ट्रास्ट खाली आणा, आणि संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरचीच फाइल घ्या. इतरत्र फिरणाऱ्या प्रती कुणीतरी कुठेतरी रंग चढवलेल्या असतात.

दुसरी भाषेची. माहिती सगळी इंग्रजीत, तीही जड. मी प्रत्येक चित्राखाली चार ओळी मराठीत लिहून फाइल तयार करते. वेळ खातं हे काम. तिसरी इंटरनेटची: मोठ्या फायली घरून उतरवून पेन ड्राइव्हवर न्याव्या लागतात, पण ‘नाइट वॉच’ची ती महाकाय प्रतिमा ऑनलाइनच बघावी लागते, आणि शाळेत नेट ऐनवेळी दगा देतं.

सगळ्यांत मोठी अडचण आकाराची. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. यावर आम्ही मैदानाचा आधार घेतला. क्रीडाशिक्षकांकडून फक्की घेतली आणि ‘नाइट वॉच’चं माप, ३७९.५ बाय ४५३.५ सेंटिमीटर, जमिनीवर आखलं. मुलं आत उभी राहून कॅप्टन आणि लेफ्टनंट झाली. मग त्याच चौकटीत मोत्याच्या मुलीचा कागद ठेवला, ४४.५ बाय ३९. अर्ध्या इम्पीरियल शीटहूनही लहान. तो कागद बघून मुलं गप्प झाली, नंतर एकदम बोलायला लागली.

पडद्यावर न येणारी गोष्ट म्हणजे तैलरंगाची जाडी. त्यासाठी रहिमतपूरमार्गे औंधला गेलो. यमाई देवीच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. बाजूला सरकून तिरकं बघितलं की दागिन्यांवरचा रंग उंचावलेला दिसतो. हे कुठल्याही गिगापिक्सेलने होत नाही. परतताना मुलांना उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगितलं. जेजे स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, आणि १९१० मध्ये याच औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली.

औंधहून आल्यावर मुलांनी रविवर्मा शोधायला सुरुवात केली आणि तिथेच अडली. शोधात वारंवार पुढे येतं ते समईच्या उजेडातल्या स्त्रीचं चित्र, रविवर्म्यांच्या नावावर. ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि समोर उभी आहे त्यांचीच मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. डच चित्रकाराच्या ब्रशचा केस दिसेल इतकी स्वच्छ फाइल मला घरबसल्या मिळते, आणि आपल्या हळदणकरांचं नावसुद्धा चुकीचं फिरतं. आपल्याकडच्या चित्रांच्या अशा फायली, मराठी माहितीसह, व्हायलाच हव्यात.

वापरायचं म्हणणाऱ्यांसाठी: एका तासाला एकच चित्र घ्या. पहिली दहा मिनिटं काही सांगू नका, मुलांना जे दिसतं ते फळ्यावर लिहीत जा. साल, नाव, किंमत, चोरी हे सगळं त्यानंतर. छापून लावायचं असेल तर दुकानदाराला आधी छोटा नमुना काढून दाखवायला सांगा. गडद भाग छपाईत हमखास काळे पडतात. आणि ज्यांच्या निधनाला ६० वर्षं झाली नाहीत अशा भारतीय चित्रकारांची चित्रं छापण्यापूर्वी हक्कांचं बघून घ्या. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांना हा नियम अजून लागू आहे. येत्या जूनमध्ये मी जर्मन चित्रकार होल्बाइनच्या ‘ॲम्बेसेडर्स’ने सुरुवात करणार आहे. १५३३ चं चित्र, खाली तिरकी ताणलेली कवटी. मोबाइल डोळ्याशी आडवा धरून उजव्या कडेने बघायचं, म्हणजे ती सरळ दिसते.