लँकेस्टरचं पोट : १/७२ मापाच्या किटसोबत सात महिने

चार महिने बांधणी आणि रंगकाम, त्यानंतर तीन महिने कपाटावर. एवढा काळ मुद्दाम जाऊ दिला, मगच लिहायला बसले. नुकतंच वॉर्निश मारलेलं मॉडेल कोणालाही सुंदरच दिसतं. डिकल्सच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील अक्षरं-चिन्हांच्या, कडा सुटतात का, चाकांचे पाय वजन पेलतात का, भरलेल्या फटी पुन्हा उघड्या पडतात का, हे कळायला दिवस जावे लागतात.

प्लॅस्टिकच्या किटमधून मी बांधलं ते ॲव्रो लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश हवाई दलाचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ३१.०९ मीटर, म्हणजे १/७२ मापात, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, ४३ सेंटिमीटर आणि थोडं वर. लांबी २९ सेंटिमीटरच्या पुढे. किट घेण्याआधी हा आकार टेबलावर पट्टीने आखून पाहावा. एका इंजिनाच्या लढाऊ विमानांची सवय असलेल्या हाताला हे मोठं पडतं. ओला रंग असताना धरायचं कुठे, हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत राहतो.

या विमानाचा जन्म एका फसलेल्या विमानातून झाला. ॲव्रोच्या आधीच्या मँचेस्टरला रोल्स-रॉइसची दोन व्हल्चर इंजिनं होती आणि ती भरवशाची नव्हती. रॉय चॅडविक यांनी पंख वाढवून चार मर्लिन इंजिनं बसवली आणि ९ जानेवारी १९४१ रोजी नवं विमान उडालं. पुढे अशी ७,३७७ विमानं तयार झाली. पण मला या विमानाकडे ओढलं ते त्याच्या पोटाने. मँचेस्टरच्या मूळ मागणीत टॉर्पेडो वाहून नेण्याची अट होती, म्हणून बॉम्बचा कप्पा लांबलचक आणि मध्ये एकही आडभिंत नसलेला ठेवला गेला. लँकेस्टरला तो वारशाने मिळाला. सुमारे १० मीटर लांब, सलग मोकळी जागा. मॉडेलमध्ये ती १४ सेंटिमीटर भरते, आणि या किटचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे. छताच्या फासळ्या, कड्या, बाजूच्या पट्ट्या, सगळं कोरीव आणि धारदार. दारं बंद ठेवायची तर एका तुकड्यात, उघडी ठेवायची तर दोन तुकड्यांत दिली आहेत. उघड्या दारांच्या आतल्या बाजूला साच्याच्या पिनांचे गोल ठसे मात्र आहेत. ते पुट्टीने भरून घासावेच लागतात, कारण नजर नेमकी तिथेच जाते.

डब्यात या कप्प्यासाठी बॉम्ब येतात: ४,००० पौंडांची ‘कुकी’, म्हणजे पिंपासारखा गुळगुळीत मोठा बॉम्ब, आणि त्याच्या भोवती आगलाव्या बॉम्बच्या पेट्या. जर्मन शहरांवर जे पडलं ते हेच. मी कुकीचे दोन अर्धे जोडले, शिवण घासली, आणि ती हातात घेऊन बराच वेळ बसले. जुलै १९४३ मध्ये अशा बॉम्बनी पेटलेल्या हॅम्बुर्गचं काय झालं ते वाचलेलं होतं. ही विमानं उडवणाऱ्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, स्वतःचे ५५,५७३ लोक युद्धात गेले, हेही माहीत होतं. कोणी हे बॉम्ब लावले तर मी त्याला चूक म्हणणार नाही, विमान त्यासाठीच बांधलं होतं. मला मात्र माझ्या कपाटावर दुसरा दिवस हवा होता.

तो दिवस २९ एप्रिल १९४५. हिवाळाभर उपासमारीने पिचलेल्या पश्चिम नेदरलँड्सवर लँकेस्टर विमानांनी त्या दिवसापासून ८ मेपर्यंत अन्न टाकलं. या मोहिमेला ‘मॅना’ म्हणतात. पॅराशूट नव्हती. विमानं अगदी खाली येत आणि पोटातली पोती मोकळ्या मैदानांवर सोडत. याच पोटातून, दारं काढून, १४ मार्चला बीलेफेल्डच्या रेल्वेपुलावर २२,००० पौंडांचा ‘ग्रँड स्लॅम’ पहिल्यांदा सुटला होता. दोन्हींत अंतर जेमतेम दीड महिन्याचं. हे ठरल्यावर किटचे बॉम्ब पुन्हा पिशवीत गेले आणि माझं खरं काम सुरू झालं.

पोती दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीची केली. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, बारीक वळी करायची, आठ मिलिमीटरचे तुकडे पाडायचे. तुकडा ओला असतानाच जखमेवर बांधायच्या गॉझच्या कापडात हलके दाबला की तागाचा विणकामी ठसा उमटतो. बोटं सतत पाण्याने ओली ठेवावी लागतात, नाहीतर ठसा बोटाचाच येतो. पोतं दुसऱ्या पोत्यावर टेकून जिथे दबतं तिथे ओलेपणीच दाबून घ्यावं. सुकल्यावर रचली की ती दगडांसारखी दिसतात. पहिली वीस मी याच कारणाने टाकून दिली. फिकट बदामी रंग, वर खाचांत उतरणारा पातळ तपकिरी वॉश, आणि कडांवर जवळजवळ कोरडा, रंग पुसून घेतलेला ब्रश. तीन आठवडे गेले. संपूर्ण बांधणीत मला सगळ्यात जास्त समाधान देणारे आठवडे तेच.

आता जोडणीबद्दल. धडाचे दोन अर्धे सुरेख बसतात. मधला पंखाचा भाग सपाट आणि बाहेरचे पंख वर उचललेले, हा लँकेस्टरचा ओळखीचा कोन आडव्या तुळयांमुळे आपोआप येतो, मोजत बसावं लागत नाही. शेपटीला चाक असलेलं विमान असल्यामुळे नाकात वजन भरायची गरज नाही. टॅमियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट इथे उत्तम चालतं: भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रश नुसता फटीला टेकवायचा, द्रव स्वतःच आत ओढला जातो. बाहेरच्या दोन इंजिनांची आवरणं मात्र पंखाला नीट भिडत नाहीत. माझ्याकडे दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर फट राहिली. पुट्टीवर भरवसा न ठेवता मी प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवून सिमेंटने विरघळवली आणि दोन दिवसांनी घासली. तीन महिन्यांत तिथे केसाएवढी रेषही आलेली नाही. वरच्या टरेटच्या, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटाच्या, मागच्या शिवणीवर नुसती पुट्टी वापरली होती, तिथे आता पुसट खाच दिसू लागली आहे. पुट्टी सुकताना आक्रसते, आणि आठवडाभर वाट पाहिल्याशिवाय त्यावर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नये, हे त्या खाचेने दाखवून दिलं.

सूचनापत्रक चाकांचे पाय इंजिनाच्या आवरणात आधीच बसवायला सांगतं. ते ऐका, नंतर बसत नाहीत. शेपटीचे दोन उभे पंख मात्र पत्रक काहीही सांगो, रंग होईपर्यंत वेगळेच ठेवा.

काचांचे भाग स्वच्छ आणि पातळ आहेत, पण वैमानिकाच्या कक्षावरच्या चौकटी इतक्या बारीक की मास्किंगला, म्हणजे काच रंगापासून टेपने झाकायला, तीन संध्याकाळी लागल्या. चौकटींवर आधी काळा मारायचा, मग वरचा छद्मरंग, म्हणजे आतून पाहिलं तर काळी चौकट दिसते. काचा चिकटवायला पांढरा कॅनपी ग्लूच घ्यावा. मी सगळीकडे तोच वापरला, फक्त मागच्या टरेटमध्ये चार ब्राउनिंग मशीनगनच्या नळ्या सुपरग्लूने बसवल्या आणि लगेच काच बंद केली. दुसऱ्या दिवशी काच आतून दुधासारखी पांढरी. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की स्वच्छ प्लॅस्टिकवर बसते. बाहेरून कितीही पॉलिश केलं तरी उपयोग नव्हता. मी फार खचले होते, कारण किटमध्ये जादा काच नाही.

मग वाचलेलं आठवलं. मागच्या टरेटमधले गनर अंधारात शत्रूचं रात्रीचं लढाऊ विमान शोधत असत, आणि काचेवरचा एखादा ओरखडा किंवा तेलाचा थेंबही त्यांना फसवत असे. म्हणून अनेकांनी समोरची मधली काच कापूनच टाकली होती. वर हाडं गोठवणारी थंडी, तरी उघड्या चौकटीतून पाहणं त्यांनी पसंत केलं. माझ्या काचेवर पांढरेपणा सगळ्यात दाट होता तो नेमका त्याच मधल्या तावदानावर. बारीक करवतीने ते कापलं, कडा घासल्या, उघड्या जागेतून ब्रश घालून बाजूची तावदानं ॲक्रिलिक ग्लॉसने आतून पुसली. आता बाजूला थोडं धुकं उरलं आहे, पण टरेट खरं दिसतं. आज कोणी दुरुस्त काच आणून दिली तरी मी ती बसवणार नाही.

रंगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लँकेस्टर इथेच बिघडतात. वरची बाजू गडद हिरवी आणि मातकट तपकिरी. हंब्रॉलमध्ये ३० आणि २९ क्रमांक. त्यात अवघड काही नाही. पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीच्या सुरळ्या कडेवर ठेवून एअरब्रश मारला की दोन रंगांची सीमा जराशी मऊ येते. अडचण आहे ती खालच्या काळ्याची. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर बाटलीतला शुद्ध काळा मारला तर विमान काजळात बुडवल्यासारखं दिसतं, पॅनेलच्या रेषा, दारांच्या कडा, सगळं नाहीसं होतं. लहान मापात रंग एक पायरी फिकट घ्यावा लागतो. मी प्रायमर काळाच ठेवला, त्यावर टॅमियाच्या एक्सएफ-६९ आणि एक्सएफ-८५ या दोन करड्या-काळ्यांची अगदी पातळ, वेडीवाकडी नक्षी मारली, आणि शेवटी दोन्हींच्या मिश्रणाचा एक पारदर्शक थर देऊन सगळं जुळवलं. ०.३ मिलिमीटरची नोझल, १५ पीएसआयच्या आसपास दाब, थिनर रंगाहून जास्त. हवा दमट असेल त्या दिवशी मॅट रंग आणि वॉर्निश मारू नका, पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर बसतो. एका पंखाखाली तसं झालं आणि तो मला पुन्हा रंगवावा लागला.

मॅनाची विमानं याच रात्रीच्या रंगात दिवसाउजेडी उडाली. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्री डोक्यावरून जाणारी घरघर फक्त ऐकली होती, त्यांना ती काळी पोटं भर दिवसा, छपरांच्या थोडीच वर दिसली. काळ्याचे चार थर मारताना हे सतत मनात होतं, म्हणून घाई केली नाही.

पंखांवर एक्झॉस्टचे डाग काढताना काळा वापरू नका. शिशाच्या इंधनामुळे लँकेस्टरच्या पंखांवर फिकट करड्या लांब रेघा उमटत. तळाशी थोडा तपकिरी, वर करडा.

डिकल्स पातळ आहेत, सरळ बसतात, पण लाल अक्षरं पुरेशी अपारदर्शक नाहीत. हिरव्या आणि काळ्याच्या सीमेवर आलेल्या अक्षराचा खालचा अर्धा भाग गडद दिसतो. दुसरा थर म्हणून तीच अक्षरं हाताने रंगवली. डिकल्स बसवताना आधी ग्लॉस वॉर्निश, मग मायक्रो सेट, डिकल बसल्यावर ती मऊ करणारं मायक्रो सोल. सुरकुत्या आल्या तरी हात लावायचा नाही, त्या आपोआप ताणल्या जातात. तीन महिन्यांनंतर एकही कड सुटलेली नाही आणि खाली अडकलेल्या हवेची चंदेरी चमकही दिसत नाही.

बाकी टिकाऊपणा असा: चाकांचे पाय सरळ आहेत, वॉर्निश पिवळं पडलेलं नाही. स्प्रू, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती, तापवून ओढलेली अँटेनाची तार मात्र दोनदा तुटली. शेवटी लवचीक धागा लावला, तो धक्का लागला तरी पुन्हा ताठ होतो. शेपटीचं चाक एकदा निखळलं. तिथे आता पितळेची बारीक तार घातली आहे.

पहिलंच मॉडेल म्हणून हे घेऊ नये. चार-पाच लहान विमानं झाली असतील आणि एअरब्रश हातात बसला असेल तर जरूर घ्या, आणि दारं उघडी ठेवा.

ती उघडी ठेवल्यावर एक अडचण येते: वरून पोटातलं काहीच दिसत नाही. मी विमानाखाली साधा आरसा ठेवला. पोती त्यात पूर्ण दिसतात, मागच्या रांगेतलं किंचित कलंडलेलं पोतंसुद्धा. आरशावर धूळ फार लवकर बसते, म्हणून दर रविवारी विमान दोन्ही हातांनी, बाहेरच्या इंजिनांच्या आतल्या बाजूला धरून उचलते, आरसा पुसते आणि चाकांच्या खुणांवर परत ठेवते.