काळ्याभोर केसांवर क्ले लाइटनर : बालायाजसाठी काही महिने वापरल्यानंतर

क्ले लाइटनर, म्हणजे केस उजळवणारी माती मिसळलेली ब्लीच पावडर, घेऊ का, असं आमच्या कामातल्या मैत्रिणी हल्ली सारख्या विचारतात. बालायाज, म्हणजे बटा उघड्या ठेवून ब्रशने हाताने रंगवणं, मनापासून करायचं असेल तर जरूर घ्या, पण बटा गुंडाळायच्या फॉइलचा रोल कपाटात टाकू नका, हे माझं उत्तर. गेल्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत मी तो पहिल्यांदा मागवला आणि आता पावसाळा उतरत आलाय. हिवाळा, पुण्याचा कोरडा उन्हाळा आणि ओलाकच्च जुलै, तिन्हींत तो वापरून झाला. दोन कंपन्यांचे डबे संपवले, दोन्हींचा स्वभाव जवळपास सारखाच निघाला. केस सगळे आपल्याकडचे : लेव्हल २ किंवा ३ (लेव्हल म्हणजे केसाच्या रंगाचा आकडा, १ काळाभोर, १० सर्वात फिकट), जाड आणि बहुतेक वेळा आधी कशातून तरी गेलेले. ट्रेनिंगच्या परदेशी व्हिडिओंत लेव्हल ६च्या मऊ तपकिरी केसांवर जे झरझर होताना दिसतं, त्यावरून आपल्या खुर्चीतल्या केसांचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

साध्या निळ्या ब्लीच पावडरीत आणि यात मुख्य फरक केओलिनसारख्या मातीचा. केस उजळवण्याचं काम दोन्हींत परसल्फेट आणि डेव्हलपरमधला, म्हणजे पावडरीत मिसळायच्या द्रावातला, हायड्रोजन पेरॉक्साइडच करतात, आणि ते मिश्रण ओलं असेपर्यंतच करतात. साधी पावडर उघड्यावर लावली की वाळते आणि काम थांबतं. क्लेचा वरचा थर सुकून पापडी धरतो, आतला थर मात्र ओला राहतो. त्या पापडीमुळे शेजारच्या बटेला डाग लागत नाही, फॉइल लागत नाही आणि रंग जिथे ठेवला तिथेच राहतो. १९७०च्या दशकात पॅरिसच्या सलूनांमध्ये बालायाजची पद्धत रुळली तेव्हा दोन सेक्शनच्या मध्ये कापूस ठेवत. कपाळाजवळच्या आणि मानेवरच्या बारीक केसांखाली मी आजही कापसाची पट्टी ठेवते. क्ले असला तरी तिथे घाम सुटतो आणि घामाने पापडी विरघळते.

मिश्रण वजनावरच करा. कंपनीप्रमाणे प्रमाण १:१.५ किंवा १:२ असतं. चमच्याने अंदाजे घातलं तर आज घट्ट, उद्या पातळ होतं आणि हात बसतच नाही. मी छोट्या डिजिटल काट्यावर ३० ग्रॅम पावडर आणि डब्यावरच्या प्रमाणात डेव्हलपर घेते. डेव्हलपर एकदम न ओतता निम्मा घालून घोटायचा, मग उरलेला. फेटलेल्या चक्क्याइतकं घट्ट झालं की बरोबर. ब्रश उभा केला तर त्यावरून ओघळता कामा नये, आणि बटेवर फिरवताना केस ओढलेही जाता कामा नयेत. एका वेळी थोडंच मिसळा. पहिल्या बाजूला ताजं आणि दुसऱ्या बाजूला अर्धा तास जुनं मिश्रण लागलं की चेहऱ्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात.

आता खरी गंमत, ज्यासाठी पैसे मोजावेत ती. बट ताणून धरायची, खाली आधाराला सपाट बोर्ड ठेवायचा आणि ब्रश आडवा धरून टोकापासून भरायला घ्यायचं. शेवटच्या चार बोटांत वरून-खालून दोन्हीकडून पूर्ण भिजवायचं. बट उलटी करून बघायचीच, कारण जाड केसात खालचा भाग हमखास कोरडा राहतो आणि धुतल्यावर काळ्या रेघा निघतात. मग ब्रशवरचं मिश्रण वाटीच्या काठाला पुसून टाकायचं, ब्रश कडेवर घ्यायचा आणि बटेच्या दोन बाजूंनी वर चढायचं. मध्य खाली, बाजू वर, असा इंग्रजी व्ही तयार होतो. शेवटच्या इंच-दीड इंचात ब्रशने केसांना नुसता स्पर्श करायचा. जोर दिला की माल आत जातो आणि तिथेच रेघ उठते. साध्या पावडरीने हे करताना मिश्रण फुगतं आणि वरच्या दिशेला पसरतं, क्ले मात्र जागेवर बसून राहतो. पहिल्या आठवड्यातच मला हा फरक हाताला जाणवला. पुसट कड जिथे हवी तिथे मिळाली की मुळाशी काय होणार याची धाकधूक राहत नाही.

पंख्याचं मात्र बघा. आपल्याकडे सलूनमध्ये एसी असूनही छताचा पंखा चालू असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की त्या पंख्याखाली क्ले आतपर्यंत सुकतो. बाहेरून सगळं छान दिसतं, पापडी कडक झालेली असते, पण पापडी खरवडून बघितली तर आत पावडर. तिथे काम केव्हाच थांबलेलं असतं. उन्हाळ्यात मी रंगकामाच्या खुर्चीवरचा पंखा बंदच ठेवते आणि भरलेल्या टोकांवर क्लिंग फिल्म हलकीशी टाकते, आवळून गुंडाळत नाही. पावसाळ्यात उलटं होतं. पापडी धरायलाच वेळ लागतो, बटा एकमेकींना चिकटतात, म्हणून तेव्हा कापूस जास्त लागतो आणि सेक्शन मोकळे ठेवावे लागतात. डब्यावर हे कुणी लिहीत नाही. हीटर किंवा ड्रायरची ऊब देऊ नका, त्याने उजळणं वाढत नाही, सुकणं तेवढं वाढतं.

उजळतं किती? डब्यावर सात लेव्हलपर्यंत असं लिहिलेलं असतं. लेव्हल ३च्या, कधी रंग न लावलेल्या केसावर ९ टक्के पेरॉक्साइडच्या डेव्हलपरने, उघड्यावर, मला मिळतं ते लेव्हल ६, फार तर ७. म्हणजे धुतल्यावर समोर येतो तो नारिंगी किंवा नारिंगी-पिवळा. यात क्लेचा दोष नाही. आपल्या केसात काळं-तपकिरी युमेलॅनिन भरपूर, ते आधी निघतं. मागे उरतं ते तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन, आणि ते चिवट. शिवाय उघड्या हवेत फॉइलसारखी ऊब साठत नाही. म्हणूनच फॉइलमध्ये मी ज्या केसाला ६ टक्के वापरेन, त्याच केसाला क्लेसोबत ९ टक्के लागतो. १२ टक्क्यांच्या वाटेला मी जात नाही. त्याने पहिली दहा मिनिटं भराभर जातात आणि नंतर केसाच्या पापुद्र्याची वाट लागते. दर दहा मिनिटांनी एका बटेवरची पापडी ब्रशच्या मागच्या टोकाने बाजूला करायची, ओल्या कापसाने पुसायचं आणि खिडकीच्या उजेडात रंग बघायचा. पिवळ्या दिव्याखाली लेव्हल ६सुद्धा ८ वाटते.

कुणाला लेव्हल ८ किंवा ९ हवी असेल तर मी सरळ फॉइलयाज करते : तशाच हाताने रंगवलेल्या बटा, मुळाकडे थोडं बॅककोंबिंग (उलटा कंगवा), आणि मग फॉइलमध्ये बंद. त्यात क्ले घालत नाही, साधी पावडर घेते. चेहऱ्याजवळच्या दोन बटा फॉइलमध्ये आणि बाकीचं डोकं उघड्यावर क्लेने, ही माझी आता सर्वात आवडती मांडणी झाली आहे. समोर उजळपणा येतो आणि मागे सावली टिकते.

आणि इथेच माझं सगळ्यात ठाम मत आहे. काळ्या केसाच्या बालायाजला उबदार टोनच शोभतो, आणि क्ले आपल्याला नेमका तिथे नेऊन सोडतो. ग्राहक फोटो घेऊन येतात ते राखाडी-बेज बालायाजचे, गोऱ्या मुलींच्या फिकट केसांचे. लेव्हल ६च्या नारिंगीवर अ‍ॅश, म्हणजे राखाडी, टोनर (उजळलेल्या केसाला छटा देणारा रंग) टाकला की मळकट, हिरवट तपकिरी रंग येतो. दोन आठवड्यांत तो उतरतो आणि खालचा नारिंगी परत वर येतो. त्यापेक्षा तिथे कॅरमेल, मध किंवा तांब्याकडे झुकणारा सोनेरी टोनर लावला तर रंग खोल दिसतो, गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यावर खुलतो आणि उतरतानाही चांगला दिसतो. एक कॉलेजची मुलगी आईबरोबर आली होती. फोटो बघून मी म्हटलं, "हा रंग एका बैठकीत होणार नाही, आणि तीन बैठकींत केलास तर केस असे राहणार नाहीत." आई लगेच म्हणाली, "ताई, मग तुम्हाला जो योग्य वाटतो तो करा." मुलीचा चेहरा पडला होता. कॅरमेल झाल्यावर तिने आरशासमोर केस तीनदा उडवून बघितले आणि बहिणीची वेळही तिथेच घेतली. हे बोलणं रंग कालवायच्या आधी व्हायला हवं, नंतर त्याला समजावणीचा वास येतो.

जांभळा शाम्पू सरसकट देणंही थांबवा. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला मारायला निळा लागतो. लेव्हल ६-७च्या बटांवर जांभळा शाम्पू घासून काहीही होत नाही, आणि कॅरमेल केलेल्या केसाला तर दोन्हींची गरज नसते.

मेंदीबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पूर्ण होत नाही. शुद्ध मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट धरतं. त्यावर क्ले लावला तर विटकरी-नारिंगीवर गाडी अडते आणि पुढे सरकत नाही. त्याहून धोकादायक म्हणजे काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइड लागल्यावर केस चक्क गरम होतो. "मी फक्त नैसर्गिकच लावते हो," असं काकू अगदी प्रामाणिकपणे सांगतात, पण पाकिटात काय होतं ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणून आतली एक छोटी बट कापून वाटीत घेते, त्यावर तेच मिश्रण टाकते आणि अर्धा तास थांबते. वाटी गरम झाली, वाफ आली किंवा केस लिबलिबीत झाला तर त्या दिवशी नुसता हेअरकट. रिबॉन्डिंग केलेल्या, म्हणजे रसायनाने सरळ केलेल्या, केसांना मी हात लावत नाही. बॉन्ड बिल्डर (ब्लीच करताना केसातले बंध सांभाळण्यासाठीचं उत्पादन) घालून करून द्या, असा आग्रह होतो. ओलाप्लेक्स २०१४ साली आल्यापासून ही उत्पादनं खूपच उपयोगी पडली आहेत, मीही वापरते, पण रिबॉन्डिंगने आधीच पिळून निघालेल्या केसाला त्यांच्या भरवशावर ब्लीच करणं मला पटत नाही. टोनरसाठी पॅच टेस्ट (त्वचेवर अ‍ॅलर्जीची चाचणी) ४८ तास आधी, ती मी कुणालाही माफ करत नाही.

येताना केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, तेल आणि सीरम नको. तेलकट बटेवर क्ले घसरतो आणि पापडी सुटून खांद्यावर पडते. एरवी खोबरेल तेलाशी माझं काही वैर नाही, उलट रंगानंतर धुण्याआधी तासभर लावायला मी सांगतेच. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं.

आता त्रासाच्या गोष्टी. पहिली, धुणं. क्ले लवकर सुटत नाही. सुकलेल्या पापडीवर लगेच शाम्पू घालून चोळलं तर उजळलेला, कमजोर झालेला केस तुटतो. आधी कोमट पाण्याने नुसतं भिजवत राहायचं, बोटांनी हळूहळू पापडी विरघळवायची, पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरच शाम्पू. बेसिनला पाण्याचा जोर कमी असेल तर हे फार वेळ खातं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, बहुधा बोअरचंच, जड. असं पाणी वर्षभर डोक्यावर घेणाऱ्या केसात लोह-तांब्याचे कण बसलेले असतात, आणि पेरॉक्साइडला ते भलतीकडे नेतात. बाहेरच्या सोसायट्यांतून येणाऱ्या ग्राहकांना मी आधी चिलेटिंग, म्हणजे धातूंचे कण काढणारा, शाम्पू करते. तेव्हापासून टोनर जास्त सारखा बसतो आहे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या छातीची. परसल्फेटमुळे केस रंगवणाऱ्यांना दमा होतो, हे या व्यवसायातलं जुनं, माहीत असलेलं दुखणं आहे. क्ले पावडर साधारणतः कमी उडते, पण सुकलेल्या पापडीची धूळ मात्र उडते, विशेषतः ग्राहक मान हलवतो किंवा आपण केप झटकतो तेव्हा. केप ओल्या फडक्याने पुसा, झटकू नका. आमच्या हाताखालच्या मुलींना डबा उघडताना मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे सक्तीचे आहेत, आणि मिसळण्याचं टेबल एक्झॉस्टखाली हलवलं आहे.

खर्च? डबा साध्या पावडरीपेक्षा महाग पडतो, आणि भिजवून रंगवायचं म्हणून मालही जास्त लागतो. फॉइल आणि वेळ वाचतो, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. तो जुळतो नंतर. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळापासून केलेल्या हायलाइट्सला दोन महिन्यांत पट्टा दिसतो, चांगल्या बालायाजला चार-सहा महिने कुणी हात लावत नाही. मधल्या काळात ग्राहक टोनर आणि चमक देणाऱ्या ग्लॉससाठी येतो, केसावर पुन्हा ब्लीच पडत नाही आणि तो टिकतो. माझ्याकडच्या बऱ्याच जणी फॉइलवरून यावर आल्या त्या याच कारणाने.

घ्यायचाच असेल तर पहिल्यांदा सर्वात छोटा डबा घ्या. पावसाळ्यात झाकण नीट बसलं नाही तर पावडर ओल धरते, गुठळ्या होतात आणि त्या ब्रशखाली येऊन केसावर ठिपके पाडतात. ओला चमचा आत घालू नका. कालवलेलं उरलं तर ते डबीत बंद करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा मोह टाळा. त्यातून वायू सुटत राहतो, बंद डबी फुगते आणि झाकण उडू शकतं. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यात दम उरलेला नसतो. भरपूर पाणी घालून ते त्याच दिवशी वाहून टाका.