लकव्याचा हात: हातमोजा, करंट की पुण्याचा रोबोट?

लकव्यानंतर अण्णांचा उजवा हात मुठीतच अडकला. चालत्या मागावर तुटलेला धागा जोडणारी बोटं, कडक भाकरी मोडेनात. सल्ले तीन आले: ऑनलाइन रोबोट-मोजा मागवा, करंटची मशीन घ्या, नाहीतर पुण्याला हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या मोठ्या रोबोटवर न्या.

मोजा हवेच्या दाबानं बोटं उघडमीट करतो. सांधे मोकळे राहतात, तेवढं खरं. पण अण्णा तो चढवून टीव्ही बघत बसायचे, म्हणजे सगळी मेहनत मोज्याची. घ्यायचाच तर रुग्णानं स्वतः जोर लावल्यावर साथ देणारा बघा.

करंटची मशीन म्हणजे एफईएस. कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला पॅड चिकटवले की करंटसरशी बोटं उघडतात. मार मेंदूला बसलेला असतो, हाताच्या नसा शाबूत असतात, म्हणून हे जमतं. नसच तुटली असेल तर पैसे घालवू नका. पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि दुखण्यावरची टेन्स मशीन वेगळी. दिसायला तशीच, आमच्या दुकानदारानं तीच गळ्यात मारली होती. फिजिओनं अण्णांना मागाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळायची नळी, आणायला सांगितली. करंट आला की त्यांनीही जोर लावून मूठ उघडायची, कांडी धरायची, डब्यात टाकायची. पहिल्या दिवशी सहा कांड्या, तीन खाली पडल्या. तरी गडी खूश!

पुण्याच्या रोबोटची हौस मलाच जास्त होती. पण ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर एमआयटी-मॅनस या अशाच रोबोटची चाचणी झाली, 2019 साली निकाल आला: हाताच्या कामात नेहमीच्या उपचारापेक्षा सरस फरक नाही. त्यासाठी आठवड्यातून तीनदा पुणे? प्रवासानंच माणूस दमेल.

पाऊल लटकत असेल तर तिथंही करंट चालतो. टाच उचलली की पाऊल वर खेचणारं यंत्र 1961 पासून आहे. मात्र चालण्याच्या वेगात पावलाला आधार देणारा साधा प्लास्टिकचा स्प्लिंट साधारण त्याच्या बरोबरीचा ठरलाय. आधी तोच घ्या.

आम्ही एफईएस घेतली, तीही पंधरा दिवस भाड्यानं वापरून. एप्रिलातल्या सोलापुरी घामानं पॅड सुटतात; हात कोरडा पुसून पंख्याखाली बसवा, आणि जादा पॅड आधीच मागवून ठेवा.