चौऱ्याऐंशी सूर आणि साठ गळे : जळगावच्या एका पेटी-मिस्त्रींच्या कामाविषयी

आमच्या मेथडिस्ट मंडळीची हार्मोनियम, जिला आम्ही सगळे पेटीच म्हणतो, ती यंदाच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका कारागिराकडून दुरुस्त करून आणली. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. मिस्त्री एकटेच काम करतात, हाती आहे तेवढे काम त्यांना पुरेसे आहे आणि आपले नाव कुठे छापू नये असे त्यांनी सांगितल्यामुळे ते येथे देत नाही. परंतु जळगावातल्या भजनी मंडळांत चौकशी केली, तर त्यांचे दुकान सापडायला वेळ लागत नाही.

लहान मंडळीत पेटीला काय मोल असते हे आधी सांगितले पाहिजे, नाही तर एका जुन्या वाद्याच्या दुरुस्तीवर इतके का लिहावे असे वाचणाऱ्याला वाटेल. आमच्याकडे तीसेक कुटुंबे आहेत. नोकरीसाठी पुणे, नाशिक, सुरतेला गेलेली मुले सोडली, तर रविवारी सकाळी बाकांवर साठ-पासष्ट माणसे असतात आणि त्यांतली निम्मी पन्नाशीच्या पुढची असतात. आमच्याकडे ऑर्गन नाही, वेगळा गायकवृंद नाही, गिटार वाजवणारे कोणी गावात राहिलेले नाही. बिशपसाहेब वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचतात आणि काही वर्षांनी पाळक बदलून जातात. मेथडिस्टांची ही जुनी रीत आहे. पाळकांबरोबर उपदेशाची धाटणी बदलते, प्रार्थनेची लांबी बदलते, पण गाणे मंडळीचे असते आणि ते पेटीच्या आधाराने चालते.

मेथडिस्ट चर्च इन इंडिया ७ जानेवारी १९८१ रोजी स्वायत्त झाले. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्याच वर्षीच्या नाताळाला, आता आपले चर्च आपल्या पायांवर उभे राहिले म्हणून, वर्गणी काढून ही पेटी घेतली होती. सागवानी खोक्याची, साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्यांची आणि खर्ज (खालचा) व नर (मधला) अशा सुरांच्या दोन ओळींची, म्हणजे एकूण चौऱ्याऐंशी सुरांची ती पेटी आहे. सूर म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या आतल्या पितळी जिभा. मी ती गेली एकोणीस वर्षे वाजवते. माझ्या आधी माझ्या सासूबाई वाजवत.

बिघाड गेली दोन वर्षे होताच, पण तो उघडा पडला यंदाच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते आणि प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर क्रमाने मनन होते. खानदेशच्या उन्हात खिडक्या लावून घेतलेल्या असतात, वरचे पंखे गरम हवाच फिरवीत असतात, आणि तरीही म्हातारी माणसे तीन तास उठत नाहीत. चौथ्या उद्गारानंतर पाळकसाहेबांनी मूक प्रार्थनेसाठी सांगितले, मी पट्टीवरचे बोट उचलले आणि ती पट्टी वर आलीच नाही. मी भाता सोडला, तरी आत साठलेली हवा संपेपर्यंत तो एक सूर त्या शांततेत वाजत राहिला. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी डोळे न उघडता हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला. त्या दिवशी उरलेली तीन गीते आम्ही पेटीविना म्हटली आणि प्रत्येक कडव्याला सूर खाली घसरत गेला.

याआधी एकदा आम्ही पेटी दुसऱ्या एका शहरात दुरुस्तीला दिली होती. तेथे पट्ट्यांखालचे झिजलेले चामडे बदलण्याऐवजी त्यावर जाड कापड चिकटवले होते आणि मधल्या सप्तकातले काही जुने पितळी सूर काढून हलके सूर बसवले होते, हे आम्हांला या वेळी पेटी उघडल्यावर कळले. पैसे मात्र पूर्ण घेतले होते. याचे दुःख रकमेपेक्षा अधिक यासाठी आहे की ती रक्कम पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी जमलेली होती.

या वेळचे पैसेही तसेच जमले. आमच्या स्त्रीसमाजात मूठदानाची पद्धत अजून चालू आहे: भाकरीसाठी पीठ घेताना एक मूठ ज्वारी निराळ्या डब्यात टाकायची आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो डबा चर्चमध्ये आणायचा. त्या धान्याच्या विक्रीचे पैसे, कापणीच्या उपासनेत वेदीपुढे आलेल्या केळीच्या घडांचा आणि भरिताच्या वांग्यांचा लिलाव, आणि घरोघरच्या प्रार्थना-गटांची आठवड्याची दहा रुपये वर्गणी, अशी तीन ठिकाणची रक्कम एकत्र केली. या गटांची कल्पना आमची नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले, एका पुढाऱ्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले, आणि त्या फेरीत लोकांची सुखदुःखे कळू लागली म्हणून मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी तीच व्यवस्था आत्मिक देखरेखीसाठी कायम केली. आमच्याकडेही दहा रुपये घ्यायला गेलेली बाई चहा घेऊन, कोणाचे दुखते-खुपते विचारून आणि प्रार्थना करूनच परतते. पेटीसाठी पैसे गोळा करता करता एका घरातले मधुमेहाचे दुखणे आणि एका घरातला भावाभावांतला अबोला आम्हांला कळला, आणि दोन्हींसाठी पुढे काही करता आले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी गोधडीत गुंडाळून, एस.टी.च्या पुढच्या सीटवर मांडीशी धरून आम्ही दोघीजणी जळगावला गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली आहे. भिंतीला भाते टांगलेले, लाकडी फळीवर सुट्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या, आणि पालिताण्याहून मागवलेल्या सुरांच्या कागदी पुड्या एका पत्र्याच्या पेटीत. पालिताणा हे गुजरातेतले जैनांचे तीर्थक्षेत्र आहे आणि हार्मोनियमच्या सुरांसाठीही ते प्रसिद्ध आहे, हे मला तेथेच समजले. मिस्त्रींनी झाकण काढले, तोंड अगदी जवळ नेऊन एकेका सुरावर हलकी फुंकर मारली, भाता कानाला लावून हळूहळू दाबला आणि म्हणाले, “ताई, पेटी मरेल नही, दमेल शे.” (मेलेली नाही, दमलेली आहे.) कोणती पट्टी का अडकते ते त्यांनी दाखवले. पट्टीखालच्या तारेच्या स्प्रिंगेचा ताण गेला होता, त्यामुळे हवेचे छिद्र झाकणारे चामडे पुरते बसत नव्हते आणि आतली हवा सुरातून निसटत राहत होती. उत्तम शुक्रवारी वाजत राहिलेला सूर तोच होता.

येथपर्यंत कोणताही चांगला कारागीर जाईल. मी त्यांना ज्या गोष्टीसाठी मानते ती पुढे आहे. त्यांनी विचारले, “तुम्ही गाता किती पट्ट्यांत, आणि काय काय गाता?” मला प्रथम प्रश्नाचा रोखच कळला नाही. मग त्यांनी समजावले. भजनी मंडळाची पेटी पुष्कळदा एकाच पट्टीत, म्हणजे एकच सूर ‘सा’ धरून, वाजते, म्हणून तिचे सूर तंबोऱ्याशी मिळवून लावता येतात. गांधार, म्हणजे ‘ग’, तंबोऱ्यातून ऐकू येतो तसा उतरवून घेतला की त्या पट्टीत पेटी फार गोड लागते. पण तीच पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवली की काही सूर बोचतात. उलट सगळ्या सुरांत सारखे अंतर ठेवले, तर कोणत्याच पट्टीत पराकोटीचा गोडवा येत नाही, पण सगळ्या पट्ट्या चालतात.

आमच्या मंडळीच्या गाण्याची दोन घरे आहेत. एक इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांचे, ज्यांत मी डाव्या बोटांनी साथीचे सूरही धरते. आणि दुसरे अभंग-भजनांचे, जे १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे मराठी मंडळ्यांत रुजले आणि ज्यांना टाळ लागतो, तबला लागतो आणि शेवटी लय चढवावी लागते. शिवाय म्हाताऱ्यांना काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून गाणे, झेपत नाही आणि रविवार शाळेतली मुले तिच्या खाली गायला तयार नसतात. हे सगळे मी सांगितले आणि त्यांच्या आग्रहावरून दुकानात बसल्या बसल्या दोन्ही प्रकारचे एकेक गीत आम्ही दोघींनी म्हणून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “सारख्या अंतरावर लावतो. एकाचं गोड करण्यापायी दुसऱ्याचं कडू नको.” ज्या माणसाने आमची उपासना कधी पाहिलेली नव्हती, त्याने आमच्या गाण्याची गरज इतक्या नेमकेपणाने ओळखावी, याचे मला आजही अप्रूप आहे.

एका सुराचे काम त्यांनी माझ्यासमोर केले. पितळी जिभेखाली पातळ पाते सरकवले आणि टोकाकडे बारीक कानस दोनदा फिरवली, सूर चढला. मग थोडा जास्त चढला म्हणून मुळाशी, रिव्हेटजवळ, एकदाच कानस लावली. तो उतरून जागेवर आला. असे चौऱ्याऐंशी वेळा. हलके सूर काढून त्यांनी नवे बसवले, पट्ट्यांखालचे सगळे चामडे बदलले, बेचाळीसही स्प्रिंगा तपासून अकरा नव्या घातल्या आणि भात्याच्या घड्यांना आतून नवे चामडे लावले. मजुरी आणि सामान धरून बिल सहा हजार चारशे रुपये झाले. काम पाहता ते मला वाजवी वाटते.

आता उणे काय ते. दहा दिवसांचा वायदा होता आणि पेटी सव्विसाव्या दिवशी मिळाली. आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून निघणाऱ्या संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबरच्या दिंड्यांच्या पेट्या आधी द्यायच्या होत्या, असे कारण त्यांनी सांगितले. पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या माणसांची पेटी आधी मिळावी याविषयी आमच्यापैकी कोणाचीच तक्रार नव्हती, पण ते पेटी देतानाच कळले असते, तर पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, रविवारी आमच्यावर शेजारच्या मंडळीकडून पेटी मागून आणण्याची वेळ आली नसती. दुसरे, छापील पावती मिळत नाही. मंडळीचा पैसा हिशेबात दाखवावा लागतो, म्हणून मी वहीच्या पानावर सामानाचा तपशील लिहून त्यावर त्यांची सही घेतली. ती त्यांनी कुरकुर न करता दिली. तिसरे, बाहेरच्या लाकडाला ते हात लावत नाहीत. झाकणावरचा चरा तसाच आहे आणि पॉलिश दुसरीकडे करून घ्यावे लागेल. नवा भाता पहिले पंधरा दिवस ताठ लागतो, मनगट भरून येते. हा दोष म्हणता येणार नाही, पण वयस्कर वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पेटी परत आल्यावर ते स्वतः एका शनिवारी संध्याकाळी आमच्या गावी आले, जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा न घेता. दुकानात लावलेली पेटी मोठ्या खोलीत कशी ऐकू येते ते पाहायचे होते. ते मागच्या बाकावर बसले, मग खिडकीशी, मग वेदीच्या पायरीजवळ, आणि दोन सूर पुन्हा उघडून किंचित उतरवले. सरावाला जमलेल्या बायकांनी त्यांना भाकरी, भरीत आणि कच्च्या कांद्यावर जेवायला बसवले, आणि जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत त्यांच्या हातांसाठी आभार मानले. ते हात जोडून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गीताला फरक कळला. १७६१ मध्ये जॉन वेस्ली यांनी गाणाऱ्यांसाठी ज्या सूचना छापल्या, त्यांत सर्वांनी गावे, अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नये, ओरडून दुसऱ्याचा आवाज बुडवू नये आणि तालाच्या मागे रेंगाळू नये, असे सांगितलेले आहे. आमचे पाळक या सूचना वर्षातून एकदा तरी वाचून दाखवतात, आणि आम्ही मागे रेंगाळत असू तो आमचा आळस आहे असेच मी समजत होते. त्या दिवशी लक्षात आले की फाटक्या भात्याला हवा भरायला मी घेत असलेला क्षणभराचा विसावा साठ माणसे दर ओळीला माझ्याबरोबर घेत होती. भाता भरला राहिल्यावर कोणीही न सांगता मंडळी ताल धरून गाऊ लागली. तिसऱ्या कडव्याला, आवाज गेला म्हणून गेली दोन-तीन वर्षे नुसते ओठ हलवणारे एक काका खर्जात स्पष्ट ऐकू आले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आषाढीच्या आणि गणपतीच्या आधीचा महिना टाळावा, सकाळी जावे, कारण दुपारच्या उन्हात ते सूर लावण्याचे काम करीत नाहीत, आणि सोबत पेटी वाजवणाऱ्याला व एखाद्या गाणाऱ्याला अवश्य न्यावे. दिवाळीनंतर एकदा पेटी आणा, नवे चामडे बसल्यावर सूर थोडे हलतात, ते विनामूल्य लावून देईन, असे त्यांनी सांगितले आहे. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्यापूर्वी आम्ही ती नेणार आहोत.