नवे टायर टाकले, पण खरा आराम हवा उतरवल्यावर मिळाला

आधी मुद्द्याचं सांगते. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, साईज १९५/५५ आर१६, आमच्या प्रीमियम हॅचबॅकला टाकले आणि एक अख्खा पावसाळा अन् त्यानंतरचा उन्हाळा त्यांच्यावर काढला. टायर शांत आहेत, मऊ आहेत, परत घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. पण "गाडी फार आदळते, टायर बदलू का?" असं कोणी विचारलं तर माझं पहिलं म्हणणं हेच की पैसे काढायच्या आधी टायरमधली हवा बघा, ती पण घरी, सकाळी, गाडी थंड असताना. आमच्या गाडीत जो फरक पडला त्यातला अर्ध्याहून जास्त हवेचा आणि उरलेला टायरचा आहे, आणि हे मी दोन्ही वेगवेगळं करून बघितलंय म्हणून सांगतेय.

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. धायरीहून एरंडवण्याला फिजिओथेरपीला न्यायचं म्हणजे सिंहगड रोड आला, आणि तो रस्ता ज्यांना रोजचा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मोठा खड्डा दिसतो तरी, आपण हळू घेतो. त्रास होतो तो बारीक गोष्टींचा, ड्रेनेजचं झाकण दोन बोटं खाली गेलेलं, केबलसाठी खणून परत बुजवलेली आडवी पट्टी, सिमेंटच्या रस्त्याचे जोड, सोसायटीच्या गेटपाशी पेव्हर ब्लॉक. प्रत्येक ठिकाणी मागून "आई गं" ऐकू यायचं आणि मला स्टिअरिंग धरून बसवत नव्हतं. मेकॅनिकने सस्पेन्शन बघितलं, लिंक रॉड, बुश, शॉक सगळं ठीक आहे म्हणाला. मग राहिले टायर.

तेव्हा टायरमधली हवा मोजायचं एक डिजिटल गेज मागवलं. हजाराच्या आत चांगलं मिळतं, आणि गाडीसाठी घेतलेल्या वस्तूंमध्ये एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनीने किती हवा ठेवायची ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला दोन-तीन माणसं असतील तर पुढे ३३ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), गाडी पूर्ण भरली असेल तर मागे जास्त. सकाळी चाकाजवळ बसून वॉल्व्हला गेज लावलं तर पुढे ३८ आणि मागे ३९! आणि का नसणार, पंपावर हवा भरणारा दादा सगळ्यांना एकच आकडा लावतो, पुढे-मागे असं काही विचारायची पद्धतच नाही, वर "मॅडम थोडी जास्त असलेली बरी, ॲव्हरेज चांगलं पडतं" हे असतंच. त्यात आपण तिथे पोचतो तेव्हा टायर तापलेले असतात, आणि मशीन तिथलं कितपत बरोबर दाखवतं कोणाला माहीत. वॉल्व्हची पिन दाबून थोडी थोडी हवा सोडत, परत गेज लावत, चारही चाकं स्टिकरप्रमाणे केली. टायर तेच जुने. त्या दिवशी राजाराम पुलाच्या अलीकडे बाबा म्हणाले, "आज वेगळ्या रस्त्याने आलीस का गं?"

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की कोणी काहीही सांगितलं तरी आपण हलत नाही. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रस्त्याचा धक्का आधी टायरला बसतो, मग रिमला, मग सस्पेन्शनला, मग बॉडीला आणि शेवटी आपल्या पाठीला. म्हणजे टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि त्या स्प्रिंगचा कडकपणा हवेच्या प्रेशरवर ठरतो. मोठे, संथ धक्के, उदाहरणार्थ नीट गोल केलेला स्पीडब्रेकर, हे सस्पेन्शन घेतं. पण छोटे, टोकदार, झटकन येऊन जाणारे धक्के सस्पेन्शनला हलायला वेळ मिळायच्या आत वर येतात, ते टायरनेच गिळायचे असतात. आणि पुण्यातल्या आतल्या रस्त्यांवर नव्वद टक्के धक्के याच जातीचे आहेत असं माझं तरी मत आहे. टायर टम्म फुगवला की तो रस्त्यावरच्या खडीवर बसत नाही, तिच्यावरून उडतो. टायरचा मधला भाग तेवढा जमिनीला टेकतो, तोच आधी झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही कमी लागतो, म्हणजे त्या वाचलेल्या ॲव्हरेजची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

मग अजून कमी करू का, २६-२७ केली तर गादीसारखी चालेल, असं आमच्या भावाचं म्हणणं होतं. अजिबात नाही! हवा कमी असली की टायरच्या भिंती सतत मुडपत राहतात आणि टायर आतून तापतो. एक्सप्रेसवेला मे महिन्यात दुपारी, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली, अशा वेळी हेच टायर फुटायचं मोठं कारण असतं. शिवाय खड्ड्यात जोरात गेली तर रिम थेट टायरला चिमटते, टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलायलाच लागतो. आणि आराम पण खरा मिळत नाही, वळणावर गाडी डुलते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. स्टिकरवरचा आकडा गाडी बनवणाऱ्यांनी वजन, ब्रेक, आराम सगळं धरून काढलेला असतो, त्याच्या वर-खाली एखादा पीएसआय ठीक, त्यापलीकडे जायचं नाही.

टायरवर स्वतः एक आकडा छापलेला असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय वगैरे. ती टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही. हे ठळक करून सांगतेय कारण ओळखीतले दोन-तीन जण तो बघून ४० भरून फिरतात.

हवामानाचं पण बघा. तापमान साधारण पाच-सहा डिग्रीने बदललं की एक पीएसआयचा फरक पडतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी ३८ आणि डिसेंबरात पहाटे १२, म्हणजे उन्हाळ्यात बरोबर ३३ भरलेली गाडी थंडीत काहीही न गळता २९ च्या आसपास आलेली असते. म्हणून महिन्यातून एकदा तरी बघायचं, आणि लांबून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये ३७ दिसले म्हणून घाबरून हवा सोडायची नाही, ती गार झाल्यावर आपोआप खाली येते.

बरं, एवढं होऊनही टायर का बदलले? कारण जुन्यांची नक्षी झिजत आली होती. टायरच्या खाचांमध्ये आडव्या छोट्या उंच पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिमी राहिली, की टायर संपला. आणि रबर कडक झालं होतं, नख रोवलं तर रुतत नव्हतं. रबर वयाने कडक होतंच, गाडी कमी चालवली तरी होतं, आणि कडक टायर आवाज करतो अन् धक्के पण जास्त देतो. वय बघायचं असेल तर टायरच्या बाजूला 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. नवे घेताना मी चारही टायरांवर हे वाचून घेतलं, दुकानदार थोडा कुरकुरला, पण बघायचंच.

आता त्या दुकानाची गोष्ट, नाव घेत नाही. टायर बसवले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, बिल दिलं, आणि घरी येताना गाडी आधीपेक्षा वाईट! अक्षरशः प्रत्येक जोडावर टणटण. आई म्हणाली एवढे पैसे घालून हे काय आणलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावलं तर एका चाकात ४१, दोघांत ४०, एकात ३९. नवा टायर रिमवर नीट बसावा म्हणून आधी जास्त हवा मारतात, ते बरोबरच आहे, पण नंतर ती स्टिकरप्रमाणे उतरवायची असते आणि ती उतरवलीच नव्हती. विचार करा, किती लोक असे ४० वर घरी जातात आणि "हा टायर कडक आहे" असं मत बनवून बसतात. मी चाकापाशी बसून फुस्स फुस्स करत चारही खाली आणली, बाबांना मागे बसवलं आणि धायरी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आले. तेव्हा कळलं की टायर काय चीज आहे.

जुन्या टायरवर योग्य हवेला पॅचचा धक्का "कळायचा", या टायरवर त्याच हवेला तो गोल होऊन येतो, टोक जातं. सर्वात जास्त फरक आवाजात आहे. टायर शांत आहे असं कंपनी म्हणते, आणि ते इथे खरं उतरलंय. डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाला मागच्या सीटवरचं हळू बोलणं पुढे ऐकू येतं. एक्सप्रेसवेच्या सिमेंटवर आवाज आहे, कुठल्याही टायरला असतो, पण तो घोंघाट राहिला नाही. पावसात कात्रज घाट आणि नवले पुलाचा उतार, दोन्हीकडे भरवशाचे वाटले. स्टिअरिंग जुन्यापेक्षा किंचित मऊ लागतं, घाटात गाडी जोरात वळवायची ज्यांना हौस आहे त्यांना कदाचित आवडणार नाही, मला बाबांच्या पाठीपुढे त्याचं काही वाटत नाही. किंमत आपल्याकडच्या बऱ्याच टायरांपेक्षा जास्त आहे हे धरून चला.

साईजबद्दल एक गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितली नाही. आमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर येतो. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत आहे तो, आणि आर नंतरचा रिमचा इंचातला. हिशेब करून बघा, १९५ चे ५५ टक्के म्हणजे टायरची भिंत साधारण १०७ मिमी, आणि १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०. पूर्ण चाकाची उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच, ६२१ मिमी, पण १५ इंची रिमवर रबर आणि हवा १३ मिमी जास्त. म्हणजे धक्का गिळायला तेवढी जास्त जागा. म्हणून नवीन गाडी घेताना वरचं मॉडेल दिसायला भारी असलं तरी घरात वयस्कर माणसं असतील तर दोन्ही मॉडेल आपल्याच भागातल्या खराब रस्त्यावर चालवून बघा. आणि जे दिसण्यासाठी १७ इंची अलॉय टाकतात, २०५/४५ वगैरे, त्यांच्या भिंतीत जेमतेम ९२ मिमी उरतात. त्यानंतर सस्पेन्शनला दोष देऊ नये.

टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हे सारखं विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. प्रेशर थोडं हळू उतरतं, एवढाच फायदा, आरामात काही फरक नाही, ३३ म्हणजे ३३. फुकट मिळाला तर घ्या. गाडीत टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी सोय, असेल तरी गेज ठेवाच, कारण तो दिवा बरीच हवा कमी झाल्यावर लागतो, आणि जास्त भरलेल्या हवेचं बऱ्याच गाड्यांमध्ये तो काहीच सांगत नाही.

आणि प्रत्येक त्रास हवेचा नसतो. ८०-९० ला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग बघा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे ना ते आणि मग अलाइनमेंट. खड्ड्यात "ठक" असा लोखंडी आवाज येत असेल तर सस्पेन्शनचं काम आहे, टायर बदलून जाणार नाही.

एक राहिलं, स्टेपनी. आमची १५ इंची आहे, बाकी चार १६, आणि तिची हवा वेगळी लिहिलेली असते, स्टिकर नीट वाचा. नवे टायर टाकले त्या दिवशी तिच्यात किती होती? १९. ताम्हिणीत पंक्चर झाली असती आणि ती लावायची वेळ आली असती तर काय केलं असतं, म्हणून आता महिन्याच्या चेकिंगला डिकी उघडून पाचवं चाक पण बघते.